सगळ्यांपुढे ‘नाही’

महाळुंग्यातल्या त्या कारखान्याच्या दवाखान्यात मी गेले होते ते शिकवायला. आमच्या कंपनीने त्यांच्या कामगारांच्या आरोग्याची माहिती ठेवणारं एक वेब अ‍ॅप्लिकेशन बनवलं होतं. त्याची नवी आवृत्ती नुकतीच चालू झाली होती. नव्या स्क्रीनवर कुठे काय आहे ते दवाखान्यातल्या सिस्टरना दाखवून यायचं, एवढंच काम होतं. मी या प्रोजेक्टवर नवीन होते. ज्याने ते बांधलं तो मुलगा नोकरी बदलून हिंजवडीला गेला आणि त्याचं सगळं माझ्या गळ्यात पडलं.

चऱ्होलीहून निघतानाच काळजी सुरू झाली होती. तिला खास कारण लागत नाही. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम सांभाळताना माझं असंच होतं. वरून सगळं नीट चाललेलं असतं आणि आत काय आहे ते मला ठाऊक नसतं. नवरा म्हणतो, तुला काळजीला विषय पुरत नाहीत, तू वाटेत उतरून शोधतेस. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत बस अडकली आणि मी मनातल्या मनात सगळी बटणं पुन्हा पुन्हा दाबून पाहत बसले.

दवाखाना म्हणजे गेटाजवळची एक खोली. दोन खाटा, औषधांचं कपाट, ऑक्सिजनचा सिलिंडर, टेबलावर कॉम्प्युटर. डॉक्टर आठवड्यातले ठरलेले दिवस येत, बाकी सगळं सिस्टर बघत. त्या पन्नाशीच्या. सासर-माहेर दोन्ही इथलंच, आसपासच्या गावांतलं. सासरची बरीच जमीन कारखान्यांखाली गेलेली. नर्सिंगचं शिक्षण आणि इतक्या वर्षांची नोकरी होऊनही बोलण्यातलं ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ तसंच राहिलं होतं.

“ही नवी स्क्रीन लई बरी हाय बघा,” मला खुर्ची देत त्या म्हणाल्या. “जुनी उघडंपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. आन आता समदे ठणठणीत दिसत्यात.”

“ठणठणीत म्हणजे?”

“म्हंजी कुनालाच कसली अ‍ॅलर्जी न्हाई. आधी काही जनांपुढं लाल अक्षरात यायचं. आता सगळ्यांपुढं ‘नाही’.”

त्या हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला. मग माऊस हातात घेऊन एकेक नाव उघडायला लागले. अ‍ॅलर्जी: नाही. पुढचं नाव. अ‍ॅलर्जी: नाही. पुढचं. प्रेस शॉप, असेंब्ली, कॅन्टीन, सिक्युरिटी. सगळीकडे तोच शब्द, त्याच जागी, त्याच राखाडी रंगात. इतकी माणसं, आणि एकालाही धूळ, शेंगदाणा, कुठली गोळी, काहीच बाधत नाही?

“सिस्टर, पाच मिनिटं द्या मला,” म्हणून मी लॅपटॉप उघडला.

आमचं अ‍ॅप्लिकेशन तीन थरांत बांधलेलं होतं. तळाला डेटाबेस, तिथे माहिती साठवलेली. मध्ये नियमांचा थर: कुणाला काय बघता येईल, कुणाची तपासणी कधी, ते सगळं तो ठरवतो. वर स्क्रीन. एका थरातून दुसऱ्या थरात माहिती न्यायची तर त्यासाठी एक छोटा ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचं गाठोडं, असतो. ऑफिसात आम्ही त्याला डीटीओ म्हणतो. त्यात जेवढे रकाने ठेवाल तेवढीच माहिती वर पोचते. बाकीची तळाशी सुखरूप असते, पण वरच्याला ती आहे हेसुद्धा कळत नाही.

जुन्या आवृत्तीत दवाखान्याच्या स्क्रीनसाठी कामगाराचा आख्खा ऑब्जेक्टच वर जायचा, म्हणून स्क्रीन उघडायला वेळ लागे. नव्या आवृत्तीत त्या हिंजवडीला गेलेल्या मुलाने हलका डीटीओ बनवला होता. नाव, विभाग, वय, रक्तगट, शेवटची तपासणी. अ‍ॅलर्जीचा रकाना त्यात नव्हता. घालायचा राहून गेला होता. आणि स्क्रीन बनवणाऱ्या दुसऱ्या कुणी तरी, रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून, जिथे काही आलं नाही तिथे ‘नाही’ लिहायचं ठरवलं होतं. दोघांनीही आपापल्या जागी काही वेडंवाकडं केलं नव्हतं. एकाच्या बाजूने माहिती आली नाही आणि दुसऱ्याने त्याचा अर्थ लावला की माणसाला काही होत नाही.

मी बाहेर जाऊन टीम लीडला फोन केला. तो माझ्याहून लहान, हुशार, आणि कुठल्याही गोष्टीने न घाबरणारा. मी सगळं सांगितलं.

“ओके. आत्ता तिथे कुणाला काही बोलू नकोस. संध्याकाळपर्यंत पॅच टाकून दुरुस्त करतो. क्लायंटला कळायच्या आत होऊन जाईल.”

“अरे, पण मधल्या वेळात सिस्टरनी कुणाला औषध दिलं तर?”

“त्या पेशंटला विचारतातच ना. तू पॅनिक होऊ नकोस.”

फोन ठेवला तेव्हा समोरून दुसऱ्या शिफ्टची माणसं गेटातून आत येत होती, कार्ड टेकवत, एकामागून एक. दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर आपल्या नावापुढे ‘नाही’ लिहिलेलं आहे, हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. पॅनिक होऊ नकोस म्हणून सांगितल्याने मी आजवर कधी शांत झाले नाही. पण त्या वेळी मला दोन गोष्टींची भीती होती, नोकरी जाण्याची आणि या माणसांना काही होण्याची, आणि दुसरी मोठी निघाली. मी आत गेले.

“सिस्टर, या स्क्रीनवरचं अ‍ॅलर्जीचं ‘नाही’ खरं नाहीये. आमच्याकडून चूक झालीय. माहिती आहे, पण तुमच्यापर्यंत येत नाहीये.”

त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. त्या उठल्या आणि त्यांनी आधी औषधांच्या कपाटाला कुलूप घातलं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही, बहुधा त्यांनाही येणार नाही.

“कवापास्नं?”

“नवी स्क्रीन चालू झाली तेव्हापासून.”

“आगं बाई, मी मान्सांना गोळ्या दिल्यात की!”

मी डेटाबेसला थेट विचारलं: ज्यांच्या नोंदीत अ‍ॅलर्जी आहे आणि जे या काळात दवाखान्यात येऊन गेले, अशी माणसं कोण. मोजकीच नावं आली. बहुतेकांना मलमपट्टी झालेली, एकाचं नुसतं बीपी बघितलेलं. शेवटच्या नावापुढे अंगदुखीची गोळी दिल्याची नोंद होती. आणि त्याच माणसाच्या मूळ माहितीत, भरतीच्या वेळच्या तपासणीत, त्याच गोळीचं नाव लिहिलेलं होतं: घेतल्यावर अंगाला सूज येते.

“हा प्रेस शॉपमधला. कॉन्ट्रॅक्टवरचा,” सिस्टर म्हणाल्या. “परभनीचा हाय. खांदा धरला होता त्याचा. मी इचारलं हो त्याला. अ‍ॅलर्जी हाय का म्हनलं, तर न्हाई म्हनला. स्क्रीनबी न्हाई म्हनत होती. म्या दिल्या दोन दिवसांच्या.”

त्यांनी प्रेस शॉपला फोन लावला. सुपरवायझर म्हणाला, गोळी घेतली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आलेला नाही. कळवलेलं नाही. फोन लागत नाही.

त्यानंतरची दुपार मला तुकड्यातुकड्यांत आठवते. सिस्टर त्याचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होत्या आणि फोनमधली तीच बाई तेच सांगत होती, बंद आहे. एचआरचे साहेब खाली आले. त्यांनी आधी दार लावून घेतलं, मग मला विचारलं, “मॅडम, हे लेखी कुठे गेलंय का?” मी नाही म्हटलं. मग ते जरा सैल झाले. म्हणाले, “हे लोक असेच न सांगता गावाला जातात. उगाच टेन्शन घेऊ नका.” त्यांचं म्हणणं खरं असू शकत होतं. तो कुठे तरी एकट्या खोलीत सुजलेला पडलाय, हेही खरं असू शकत होतं. मला दोन्ही चित्रं एकाच वेळी दिसत होती आणि दुसरं जास्त स्पष्ट.

सिस्टरनी सुपरवायझरकडून त्याच्या खोलीवर राहणाऱ्या दुसऱ्या एकाचा नंबर मिळवला. तो म्हणाला, गावी गेलाय, चुलत बहिणीचं लग्न आहे. जाताना कसा होता? “जरा तोंड सुजल्यासारखं होतं. पण गेला.”

सिस्टर खाली बसल्या. मी त्यांना पाणी दिलं. साहेब खिडकीशी जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात बोलायला लागले.

त्या सोबत्याने दिलेल्या गावच्या घरच्या नंबरावर सिस्टरनी निरोप ठेवला होता; चहाची वेळ उलटून गेल्यावर तिथून उलट फोन आला. सिस्टरनी स्पीकर चालू केला. मागे लाउडस्पीकर आणि बायकांचा गलका होता.

“हॅलो सिस्टर? मी उद्याच यायलोय हो. सायबाला म्हणाव हजेरीतून नाव काढू नका.”

त्याचा आवाज ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझे वडीलही त्याच भागातून भोसरीला आले होते, लेथ मशीनवर काम करायला. तेही असंच ‘यायलोय’ म्हणत.

“नाव काढायचं न्हाई रं बाबा,” सिस्टर म्हणाल्या. “तब्येत कशी हाय तुजी?”

“आता बरी हाय. मागं ओठ अन् डोळे लई सुजले होते. दम बी लागला जरा. गावात डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, मग उतरलं. गाडीत काहीतरी खाल्लं होतं, त्याच्यानं झालं आसंल.”

साहेबांनी हातानेच खूण केली. झालं, बरा आहे, ठेवा. सिस्टरनी ती बघितली, मी बघितली. फोनमधून लग्नाची गाणी येत राहिली.

“खान्यानं न्हाई झालं ते,” सिस्टर म्हणाल्या. “मी दिलेल्या गोळीनं झालं. राहिलेली गोळी टाकून दे. आन ती गोळी पुन्हा कुनी दिली तरी घ्यायची न्हाई. माज्या हातनं चूक झाली.”

“त्यांच्या हातून नाही,” मी फोनकडे वाकून म्हणाले. “कॉम्प्युटरवर चुकीचं दिसत होतं. तो आम्ही बनवलाय.”

मग तो म्हणाला, “अ‍ॅलर्जी म्हंजे ते व्हय? मला वाटलं धुळीनं शिंका येतात ते इचारायल्या. भरतीच्या डॉक्टरनं नीट इचारलं होतं, गोळीनं अंगावर उठतं का म्हणून. त्याला सांगितलं होतं की मी.”

सांगितलं होतं. लिहूनही घेतलं होतं. एका थरातून दुसऱ्या थरात तेवढं आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी साहेब माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि टीम लीड फोनवर पुष्कळ बोलला. मला नोकरीवरून काढतील असं वाटत होतं. काढलं नाही. पण दुरुस्ती करताना लीडने जे ठरवलं त्याने मला नवा घोर लावला. “आता रिस्क नको,” तो म्हणाला. “पूर्ण ऑब्जेक्टच सगळीकडे पाठवा. काही सुटायलाच नको. स्लो झालं तरी चालेल.” त्याचा धसका मला समजत होता. मीही घाबरलेलीच होते. मी मान डोलावली. ‘नाही’ ऐवजी जिथे माहिती नाही तिथे ‘माहिती नाही, विचारा’ असं लाल अक्षरात यावं, एवढं मात्र मी हट्टाने करून घेतलं.

दुरुस्ती बघायला मी पुन्हा महाळुंग्याला गेले. सिस्टरनी एकेक नाव उघडून दाखवलं, लाल अक्षरं परत आली होती. तेवढ्यात तो परभणीचा कामगार आला. चेहऱ्यावर कसलीही खूण राहिली नव्हती. तिशीचा, सडपातळ, हातात हेल्मेट. सिस्टर म्हणाल्या, “ह्याच त्या मॅडम.”

त्याला रागावायचा हक्क होता आणि मी त्यासाठी तयार होऊन बसले होते. पण तो रागावला नाही. दाराकडे बघून त्याने आवाज बारीक केला.

“मॅडम, एक इचारू का? हे जे माझं लाल अक्षरात येतंय, ते कॉन्ट्रॅक्टरला बी दिसतंय का?”

“का?”

“मागं दमा असलेल्या पोराचं कंत्राट त्यानं पुढं वाढवलंच नाई. काही बोलला नाई, नुसतं वाढवलं नाई. माझं संपत आलंय. त्याला वाटलं आपल्याला काही बिमारी हाय, तर तो कशाला ठेवील?”

‘नाही दिसत’ हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. हजेरीसाठी ठेकेदारही आमचंच अ‍ॅप्लिकेशन वापरायचा आणि त्याची स्क्रीन मला पाठ होती. हजेरी, शिफ्ट, ओव्हरटाइम, बाकी काही नाही. पण ‘नाही’ म्हणायची मला आता भीती बसली होती.

“बघून सांगते,” मी म्हणाले.

ऑफिसात परतल्यावर मी ठेकेदाराच्या लॉगिनने आत शिरले. स्क्रीनवर हजेरी, शिफ्ट, ओव्हरटाइम. मग स्क्रीनच्या मागे काय येतंय ते उघडून बघितलं. स्क्रीन हजेरी तेवढीच दाखवत होती, पण आमच्या सर्व्हरवरून आख्खा ऑब्जेक्ट ठेकेदाराच्या कॉम्प्युटरपर्यंत जात होता. प्रत्येक माणसाचं रक्त, साखर, बीपी, कुणाची जुनी फिट, कुणाची शस्त्रक्रिया, त्याची ती गोळी. ज्याला थोडं कळतं असा कुणीही दोन बटणं दाबून वाचू शकला असता. आधी माहिती पोचली नाही म्हणून एक माणूस सुजला होता. आता आम्ही घाबरून ती नको तिथे पोचवली होती. आणि मी मान डोलावली होती.

मी लॅपटॉप घेऊन लीडच्या टेबलापाशी गेले आणि त्याच्यासमोर ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला. त्या दिवशी तो पहिल्यांदा मला घाबरलेला दिसला आणि खरं सांगायचं तर मला त्याने थोडं बरं वाटलं.

“प्रत्येकासाठी वेगळा डीटीओ करू या,” मी म्हणाले. “सिस्टरसाठी वेगळा, डॉक्टरसाठी वेगळा, ठेकेदारासाठी वेगळा. ज्याला जे लागतं तेवढंच.”

“एवढे वेगवेगळे डीटीओ कोण सांभाळणार? उद्या एक रकाना वाढला की चार ठिकाणी बदल.”

“मी सांभाळते. आणि कुठला रकाना कुणाला जायचा ते आपण इथे बसून ठरवायचं नाही. सिस्टरना आणि डॉक्टरांना विचारायचं.”

त्याने डोळे चोळले. “विचार. पण आज आधी हे बंद कर.”

मी तेव्हाच बंद केलं. मग पुढचे कित्येक दिवस सिस्टरच्या टेबलाशी बसून एकेक रकाना विचारत गेले: हे तुम्हाला लागतं का? हे कळलं नाही तर काय होईल? हे दुसऱ्या कुणाला कळलं तर काय होईल? शेवटचा प्रश्न विचारला की सिस्टर आधी ज्याच्याबद्दल ती माहिती असेल अशा एखाद्या माणसाचं नाव आठवायच्या, मगच उत्तर द्यायच्या.

प्रेस शॉपमधल्या त्या माणसाला मी कॅन्टीनबाहेर गाठलं. “आता ठेकेदाराला दिसत नाही,” मी सांगितलं.

“आता?” त्याने नेमका तोच शब्द धरला. “म्हंजे आधी दिसत होतं?”

“स्क्रीनवर नव्हतं दिसत. पण शोधलं असतं तर सापडलं असतं. थोडे दिवस तसं होतं.”

“कुणी शोधलं का?”

“ते मला सांगता येत नाही. कळायला मार्ग नाही.”

तो खाली बघत हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला. “बरं,” म्हणाला, आणि आत गेला.

त्याचं कंत्राट वाढेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याने एकदा विचारलं, आता कसली काळजी? मी ऑफिसचं म्हणाले आणि भाजी चिरत राहिले. ठेकेदाराने त्याला ठेवलं नाही तर ते कशामुळे, हे मला कधीच कळणार नव्हतं. ठेकेदाराकडे कामच कमी असेल, किंवा त्याने ते वाचलं असेल. दोन्हींत फरक ओळखायची सोय कुठल्याही थरात नव्हती.

सिस्टरचा फोन आला तेव्हा मी पिंपरीच्या बसथांब्यावर उभी होते.

“मॅडम, त्याचं वाढलं. पर्मनंट न्हाई, पन वाढलं. आत्ताच सांगून गेला.”

“आणि दुसऱ्या कुणाचं?”

“दुसऱ्या कुनाचं म्हंजी?”

“ज्यांच्या नोंदीत काही ना काही आहे, त्यांच्यातल्या कुणाचं कंत्राट थांबलंय का?”

सिस्टरची खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “मी उद्या बघून सांगते.”